सायकलवाल्यांचे सोवळे

मागच्या महिन्यात या सदरातून, मधुमेह असलेल्यांनी आठवड्यातून पाच दिवस तरी अर्धा तास सायकल चालवावी, असे मी लिहिले होते. त्यावर काही पत्रे आली. त्यांतले एक पत्र वहीच्या कागदावर, सुवाच्य अक्षरात लिहिलेले आहे. त्या भगिनी लिहितात, ‘‘माझ्याकडे मुलीची शाळेतली जुनी सायकल आहे. ती चालेल का, की नवी घ्यावी लागेल? कपडे कोणते घालावेत? रविवारी सकाळी पोवई नाक्यावर सायकलवाले जमतात, त्यांना पाहून मला उगाच बुजल्यासारखे होते.’’

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर एका ओळीत देता येईल. जुनी सायकल चालेल, आणि नेहमीचे कपडे चालतील. पण शेवटच्या वाक्यापाशी मी अडलो. कारण पोवई नाक्यावर रविवारी जमणाऱ्या त्या सायकलवाल्यांत मीही एक आहे. त्या बाईंचे बुजणे ‘उगाच’ नाही, हे मला चांगले ठाऊक आहे.

आमच्या या मंडळींची हकिगत थोडक्यात सांगतो. २०१५ साली नाशिकच्या महाजन डॉक्टरबंधूंनी अमेरिकेतली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्या सुमारास महाराष्ट्रातल्या गावोगावच्या डॉक्टर, वकील, इंजिनियर मंडळींच्या अंगात सायकल संचारली. मीही त्यांतलाच. पन्नाशी ओलांडली होती, रक्तदाब वर सरकत होता आणि रुग्णांना जे सांगतो ते स्वतः करत नाही याची टोचणी होती. ५८ हजार रुपयांची गिअरची सायकल घेतली. मग हेल्मेट, हातमोजे, गादीची चड्डी, पाठीला तीन खिसे असलेला घट्ट सदरा, काळा चष्मा असे एकेक येत गेले. घरात हिशेब विचारला गेला तेव्हा ‘तब्येतीसाठी’ हे उत्तर होतेच.

या गटाने मला भरपूर दिले आहे, हे आधीच सांगून टाकतो. रक्तदाबाची एक गोळी कमी झाली. साठीच्या आसपास नवे मित्र मिळणे सोपे नसते, ते मिळाले. यवतेश्वरच्या घाटात पाय गोळा होऊन थांबलो असता मागचा माणूस न बोलता आपल्या बाटलीतले पाणी पुढे करतो, तो स्नेह खोटा नाही.

पण नव्या माणसाकडे आमच्यातले बहुतेक जण एका ठराविक क्रमाने पाहतात. नजर आधी सायकलवर जाते, मग कपड्यांवर, आणि सगळ्यात शेवटी चेहऱ्यावर. सायकलची चौकट कोणत्या धातूची, गिअर कोणत्या कंपनीचे, ब्रेक तबकडीचे की साधे, हे अर्ध्या मिनिटात वाचून होते आणि त्यावरून माणसाशी किती बोलायचे ते ठरते. पूर्वी सोवळ्यातली माणसे ओवळ्यातल्यांना जसा पदर आवरून टाळत, तसेच काहीसे. कुणी तोंडाने काही बोलत नाही. बोलले तर ते थट्टेने.

अशीच एक थट्टा २०२२ च्या दिवाळीनंतर झाली. ती मला अजून पचलेली नाही.

पेठेत पिठाची गिरणी चालवणारे एक गृहस्थ माझे जुने रुग्ण आहेत. त्यांना आपण नाना म्हणू. त्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहे. त्यांचे वय तेव्हा ५६, वजन ८० किलो, मधुमेहाला दहा वर्षे झालेली. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए-वन-सी ही तपासणी ९ च्या वर. दिवसभर गिरणीत उभे राहायचे, पण चालणे म्हणून नाही. ‘‘नाना, व्यायाम करा,’’ असे मी त्यांना दर भेटीत सांगायचो आणि ते दर भेटीत मान हलवायचे. एकदा बोलता बोलता त्यांच्याकडे जुनी काळी सायकल असल्याचे कळले. मी म्हणालो, ‘‘मग रविवारी सहाला पोवई नाक्यावर या. आम्ही सगळे असतो.’’

आणि नाना खरोखरच आले. सायकल स्वच्छ पुसलेली, रिमला तेलाचा हात फिरवलेला. अंगात पांढरा नेहरू शर्ट आणि पायजमा. चेनमध्ये अडकू नये म्हणून पायजम्याला क्लिप लावलेली. पायांत चप्पल. माणूस समारंभाला येतो तसे ते आले होते. आमच्यातले एक जण हसत म्हणाले, ‘‘काका, दूध कुठं घालायचंय?’’

दहा-बारा जण हसले. मीही हसलो.

नानाही हसले. माझ्या ते लक्षात राहिले आहे. समर्थ मंदिरापर्यंत ते आमच्याबरोबर आले. घाट सुरू होण्याआधी म्हणाले, ‘‘डॉक्टर, गिरणी उघडायची आहे. मी येतो.’’ आणि परत फिरले. रविवारी गिरणी दहाला उघडते, हे मला ठाऊक होते.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याचे मला फारसे काही वाटले नाही. नवे लोक येतात आणि गळतात. पण नाना दवाखान्यातही यायचे थांबले, हे ध्यानात यायला मला तीन-चार महिने लागले. गोळ्या ते औषधाच्या दुकानातून जुन्याच चिठ्ठीवर नेत होते. २०२३ च्या जूनमध्ये त्यांचा मुलगा त्यांना रिक्षातून घेऊन आला. उजव्या पायाच्या करंगळीला जखम होती. चपलेत खडा गेला होता आणि दोन दिवस तो तसाच होता. पायाची संवेदना गेलेली असल्यामुळे त्यांना तो कळलाच नव्हता. साखर ४०० च्या पुढे. करंगळी काढावी लागली.

एका हसण्याने बोट गेले, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. मधुमेह दहा वर्षांचा होता, नियंत्रण आधीपासूनच नव्हते, आणि पायांच्या नसा तीन महिन्यांत खराब होत नाहीत. पण तुम्ही दवाखान्यात का आला नाहीत, असे मी विचारले तेव्हा नाना खाली पाहून म्हणाले, ‘‘तुम्ही विचारलं असतं, सायकल का बंद केली म्हणून. काय सांगणार होतो?’’ आठ महिन्यांत तीन वेळा त्यांचे पाय तपासले गेले असते. ते तपासायचे राहून गेले याचे कारण मधुमेहाच्या पुस्तकात सापडणार नाही.

वैद्यकीय चूकही माझीच होती, तीही नोंदवतो. छप्पन वर्षांच्या, व्यायामाची सवय नसलेल्या मधुमेही माणसाला पहिल्याच दिवशी घाटाला न्यायला निघालो होतो. आधी हृदयाची तपासणी हवी होती. पाय पाहायला हवे होते, चप्पल काढून बंद बूट घालायला सांगायला हवे होते. मी त्यांना रुग्ण म्हणून बोलावले आणि नाक्यावर पोहोचल्यावर गटातला माणूस झालो. डॉक्टर तेवढा वेळ घरी राहिला.

सायकलवरून माणसाची किंमत करणे हे काही आजचे नाही. माझे वडील शिक्षक होते. सत्तरच्या दशकात त्यांच्याकडे आसनसोलच्या कारखान्यात झालेली सेन-रॅले होती. दर रविवारी अंगणात ती उलटी करून पुसली जाई. शेजारच्यांची सायकल दुसऱ्या कंपनीची होती आणि तिचा उल्लेख आमच्या घरात ‘त्यांची ती’ असा होत असे. चेनकव्हर पूर्ण असणे, डायनामोचा दिवा असणे, कातडी सीट असणे याला मान होता. लग्नात जावयाला घड्याळ आणि सायकल द्यायची तेव्हा सायकल कोणती, यावरून रुसवेफुगवे होत. तासाच्या भाड्याची सायकल चालवणारा पोरगा तर कुठल्याच हिशेबात नसे. मी दोन वर्षे तसलीच चालवली, तरी आज मला ती नजर जमते!

कपड्यांचे म्हणाल तर त्याचा इतिहास आणखी जुना आहे. इंग्लंडमध्ये १८९८ साली लेडी हार्बर्टन नावाच्या खानदानी बाई सायकलवरून सरे परगण्यातल्या एका हॉटेलात गेल्या. सायकल चालवायला सोयीची म्हणून त्यांनी घोळदार झग्याऐवजी तुमान घातली होती. मालकिणीने त्यांना कॉफीच्या दालनात बसू दिले नाही, दारूच्या बारमध्ये बसा म्हणून सांगितले. सायकलस्वारांच्या संघटनेने फिर्याद केली. १८९९ मध्ये निकाल लागला तो हॉटेलवालीच्या बाजूने. उमराव घराण्यातल्या बाईची ही गत, तर आपल्याकडच्या परिचारिकेची काय?

परिचारिकेचे उदाहरण मी कल्पनेतून घेतलेले नाही. आमच्या गटात एक ताई काही रविवार येत होत्या. रात्रपाळी संपवून तशाच येत, सलवार-कमीज आणि ओढणी कमरेला बांधलेली. सायकल साधी, पण पाय दमदार. घाटात आमच्यातल्या तिघा-चौघांना त्यांनी सहज मागे टाकले. मग गटाने जर्सी करायचे ठरवले. छाप मारलेली, ९०० रुपयांची. ‘‘फोटोत सगळे एकसारखे दिसतात,’’ असे कारण होते. ताईंना कुणीतरी अगदी गोड शब्दांत सांगितले की पुढच्या वेळी जर्सीत या. त्या पुढच्या वेळी आल्या नाहीत. ९०० रुपये हे कारण होते, की तो घट्ट सदरा घालून गल्लीतून जायचे हे, की सांगण्याची पद्धत, मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. घट्ट चड्डी घातलेल्या माणसाला पाहून गावातला जो तो जे बोलतो तेही सोवळेच आहे, फक्त उलट्या अंगाने नेसलेले. ‘‘डॉक्टर, पँट घरी विसरलात का?’’ हे मी चहाच्या टपरीवर कितीतरी वेळा ऐकले आहे. मी पुरुष आहे, वयस्कर आहे, डॉक्टर आहे, म्हणून हसून सोडून देतो. तरुण मुलीला तसे सोडून देता येत नाही. शिवाय जुन्या काळ्या सायकलवाल्यांतही एक वर्ग आहे. त्यांच्या मते गिअर म्हणजे लबाडी आणि हेल्मेट म्हणजे नखरा. त्यांच्यातल्या एकाच्या डोक्याला मी स्वतः टाके घातले आहेत. टाके घालतानाही हेल्मेटची चेष्टा चालूच होती.

तेव्हा पत्रलेखिका भगिनींसाठी, काय लागते आणि काय लागत नाही ते एकदा स्पष्ट सांगतो.

सायकल कोणतीही चालेल, पण उंची तुमच्या मापाची हवी. सीटवर बसून पायडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. चालवताना पंजाने पायडल मारले की तो आपोआप किंचित वाकलेला राहतो. सीट खाली असेल तर गुडघे दुखतात, आणि मग सायकल सोसत नाही म्हणून माणूस ती सोडून देतो. माझ्याकडे गुडघेदुखी घेऊन येणाऱ्या सायकलवाल्यांत निम्म्यांचा उपचार दवाखान्याबाहेर, पान्याने होतो. चाकात हवा भरपूर हवी, दोन्ही ब्रेक लागले पाहिजेत. पहाटे किंवा संध्याकाळी निघणार असाल तर पुढे दिवा आणि मागे लाल दिवा.

हेल्मेट घ्या. हजार-बाराशेत डोक्याला नीट बसणारे मिळते. या बाबतीत मी सोवळाच आहे आणि तसाच राहणार. ओढणी किंवा पदर कमरेला खोचा. चेनकव्हर असू द्या, मागच्या चाकाला जाळी बसवता आली तर उत्तम. पायजमा-सलवारीला क्लिप नाहीतर साधे रबर. रंग फिका किंवा भडक, म्हणजे गाडीवाल्याला दिसेल. मधुमेह असेल तर बंद बूट, आणि परत आल्यावर पाय पाहणे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी निघू नका. खिशात साखर ठेवा. हातापायांना कंप, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असे काही वाटले की उतरून ती खा. छातीत भरून आले तर मात्र ‘थोडे राहिले आहे’ म्हणू नका, तिथेच थांबा.

गादीची चड्डी? तासाभराच्या आतल्या सायकलीला तिची गरज नाही. दोन-तीन तास बसायचे असेल तर ती खरोखर उपयोगी आहे. घर्षणाने कातडी सोलवटते, फोड येतात, ते टळते. तिच्या आत दुसरे काही घालायचे नसते, हे दुकानदार सांगायला लाजतो म्हणून मी सांगतो. वर हवी तर सैल पँट घाला, कुणाला कळतही नाही. म्हणजे या कपड्यांना कारण नाही असे नाही. आमची चूक अशी की दोनशे किलोमीटरच्या माणसाचे कपडे आम्ही पाच किलोमीटरच्या माणसाला लावायला निघालो. प्रत्यक्षात दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटरच्या ज्या ‘ब्रेव्हे’ होतात, त्यांत पहिला-दुसरा नंबरच नसतो. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे केलेत की झाले. तिथे रात्री चमकणारे जाकीट आणि दिवे सक्तीचे असतात, ते ट्रकवाल्याला दिसावे म्हणून. फोटोत एकसारखे दिसण्यासाठी नव्हे.

आता महागड्या सायकलीने तब्येत अधिक सुधारते का, हे पाहू. गणित सोपे आहे. माझे वजन ७८ किलो, सायकल ९ किलो, एकूण ८७. नाना ८० किलो, त्यांची सायकल सुमारे २० किलो, एकूण १००. आम्ही दोघे एकाच वेगाने घाट चढलो तर नानांच्या शरीराला माझ्यापेक्षा सुमारे पंधरा टक्के जास्त काम पडते. म्हणजे व्यायाम त्यांचा जास्त होतो आणि ऐट माझी! जागतिक दर्जाच्या शर्यतीतही सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असू नये असा नियम आहे. आमच्यातले काही जण तीस-तीस हजार रुपये मोजून सायकलचे एक किलो उतरवतात आणि पोटाचे आठ किलो तसेच घाटावर घेऊन जातात. मी त्यांना हे सांगितले आहे, आणि त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिले आहे.

कोपनहेगनमध्ये हजारो लोकांवर केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. सायकलने कामावर न जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण जाणाऱ्यांपेक्षा सुमारे ३९ टक्क्यांनी अधिक आढळले, तेही फुरसतीतला इतर व्यायाम वगैरे गोष्टी हिशेबात धरल्यानंतर. ती माणसे काही शर्यतीला निघालेली नव्हती. डेन्मार्कमध्ये लोक कोट-स्कर्ट घालून, साध्या जड सायकलींवर ऑफिसला जातात. फायदा होतो तो रोज जाण्याने.

रोज जाणारे लोक आपल्याकडेही आहेत. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती. गवंडी, रखवालदार, वर्तमानपत्रे टाकणारी मुले, औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारे कामगार. आमचा गट ‘सायकलस्वारांची संख्या वाढली पाहिजे’ असे म्हणतो तेव्हा या मंडळींना मोजतच नाही. रस्त्यात हेल्मेटवाला दिसला की आम्ही हात वर करतो. हँडलला डबा अडकवलेला दिसला की आमचा हात वर जात नाही. मी हे मुद्दाम काही महिने पाहत आलो. माझा स्वतःचा हातही जात नव्हता.

तो जाऊ लागला त्याला एक निमित्त घडले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये एकटाच संगम माहुलीकडे निघालो होतो. कृष्णेच्या पुलाच्या अलीकडे मागचे चाक बसले. माझ्याकडे जादा ट्यूब होती, छोटा पंपही होता. फक्त ट्यूब बदलायची कशी ते येत नव्हते. ते काम नेहमी दुकानात होई. पाऊस भुरभुरत होता. आमच्या गटातल्या दोघांना फोन केला, दोघांनीही उचलला नाही. इतक्यात समोरून एक रखवालदार आला. रात्रपाळी करून घरी चालला होता. डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी, कॅरिअरला डबा. उतरून म्हणाला, ‘‘काय झालं, सायेब? पंक्चर व्हय?’’

माझ्या सायकलकडे त्याने फार वेळ पाहिले नाही. चाकाकडे पाहिले. डब्यातला चमचा काढला, दुसरा माझ्याकडे नव्हताच, तेव्हा घराच्या किल्लीचा उपयोग केला आणि टायर सोडवला. जुनी ट्यूब काढण्याआधी टायरच्या आतून हळूच बोट फिरवले आणि रुतलेली तार बाहेर काढली. ‘‘ही तशीच ऱ्हायली असती तर नवी बी फुटली असती,’’ म्हणाला. पैसे देऊ लागलो तर त्याला राग आला नाही, पण हसू आले. चहाला थांबा म्हणालो तर म्हणाला, पोरगी शाळेला जायची आहे, तिच्या आधी पोचायला हवे.

जाताना बोलला ते असे. ‘‘तुम्हाला दर आयतवारी बघतो की. वर्दी घालून जाता तुम्ही समदी.’’

वर्दी! आम्हाला जे शास्त्रशुद्ध वस्त्र वाटत होते ते त्याला पोलिस-बँडसारखे दिसत होते. आणि मी त्याला किती वेळा पाहिले होते? आठवून पाहिले. एकदाही नाही. तो दर रविवारी समोरून येत होता.

दूध कुठे घालायचे असे विचारणाऱ्या आमच्या मित्राविषयी वाचकांचे मत वाईट होऊ नये म्हणून सांगतो. घाटात एक जण पडून खांद्याचे हाड मोडले तेव्हा त्याला उचलून इस्पितळात नेणारा आणि रात्रभर बाकावर बसून राहणारा हाच मित्र. पडलेला माणूस गटात नवखा होता, नावही धड माहीत नव्हते. नानांची हकिगत मी त्याला सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, ‘‘मी सहज बोललो रे.’’ सहजच बोलला होता. तो बोलला याहून माझे हसणे जड, कारण नाना माझ्या शब्दावर आले होते.

जर्सीची सक्ती काढून टाकावी असा विषय मी गटात काढला. बरीच वादावादी झाली. शिस्त जाईल, ओळख जाईल, फोटो चांगले येणार नाहीत. शेवटी सक्ती गेली, ‘आग्रह’ राहिला. आग्रह म्हणजे काय ते ज्याने त्याने समजावे. पण दुसरी एक गोष्ट मान्य झाली आणि ती पाळली जाते. महिन्यातल्या पहिल्या रविवारी घाट नाही. माहुलीपर्यंत सपाटीचा रस्ता, वेग सगळ्यात मागच्या माणसाचा. नव्या माणसाजवळ जुन्यांतला एक जण शेवटपर्यंत राहतो. मागच्या पहिल्या रविवारी चार नवी माणसे आली, त्यांत एक नऊवारीतल्या आजी नातवाची सायकल घेऊन होत्या. त्यांना कुणी काही बोलले नाही. बोलायची हिंमत झाली नाही, असेही म्हणता येईल.

ताईंना निरोप पाठवला आहे. अजून उत्तर नाही.

नानांची जखम भरायला अडीच महिने लागले. त्यानंतर मी गिरणीत गेलो. जात्याच्या आवाजात माफी मागणे अवघड असते. पट्टा बंद करायला सांगून, पिठाच्या धुराळ्यात उभा राहून जे म्हणायचे ते म्हटले. नाना म्हणाले, ‘‘जाऊ द्या हो.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘सायकल आहे अजून. विकली नाही.’’ हृदयाची तपासणी केली, पायांच्या मापाचे बूट करून घेतले, आणि जानेवारी २०२४ पासून मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आम्ही दोघे माहुलीपर्यंत जातो. गटाबरोबर यायला ते तयार नाहीत आणि मी आग्रह करत नाही. मी साधी पँट घालतो. एचबीए-वन-सी साडेसातवर आली आहे. त्यात सायकलचे किती आणि नियमित गोळ्यांचे किती ते मला सांगता येणार नाही.

गेल्या शुक्रवारी पुलावर तो रखवालदार भेटला. मी हात केला, तो थांबला. पण त्याचे लक्ष नानांच्या सायकलकडे होते. चेनकव्हरवरून हात फिरवत त्याने विचारले, ‘‘मूळचंच हाय का हे?’’ नाना उतरले. मूळचेच होते. १९८४ साली कुठून घेतली, तेव्हा काय पडली, मागचे रिम कधी बदलले, आता तसले बेअरिंग मिळत नाही, असे दोघांचे बोलणे सुरू झाले. मध्येच नाना मागे वळून मला म्हणाले, ‘‘डॉक्टर, तुमची सीट बोटभर खाली वाटते बघा.’’ रखवालदारानेही पाहिले आणि मान डोलावली. पान्याची चौकशी झाली. माझ्या सायकलला लागणारा पाना दोघांकडेही नव्हता, माझ्याकडेही नव्हता. ते पुन्हा बेअरिंगकडे वळले. मी बाजूला उभा राहून घड्याळ पाहत होतो, कारण दवाखान्याची वेळ होत आली होती.